गिनी-बिसाऊत आधी गावांची निवडणूक घ्या, राष्ट्राध्यक्षाची नंतर

२३ नोव्हेंबर २०२५ ला गिनी-बिसाऊमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची आणि संसदेची निवडणूक झाली. लोकांनी शांतपणे मतदान केलं, दोन्ही मोठ्या उमेदवारांनी आपणच जिंकलो असं सांगून टाकलं, आणि निकाल जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी म्हणजे २६ तारखेला लष्करानं सत्ता ताब्यात घेतली. लगेच दुसऱ्या दिवशी जनरल होर्ता इन्ता-आ यांनी एका वर्षासाठी हंगामी राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली. पदावरचे राष्ट्राध्यक्ष उमारो सिसोको एम्बालो देशाबाहेर गेले आणि मतांच्या बेरजेची कागदपत्रंच हाती नाहीत त्यामुळे निकाल लावता येणार नाही असं निवडणूक आयोगानं सांगितलं. निरीक्षक म्हणून तिथे गेलेले नायजेरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन तर उघड म्हणाले की हा खरा उठाव वाटतच नाही, निकाल अडवायला केलेला देखावा वाटतो.

आपल्याकडे ही बातमी आली असेल तर एखाद्या कोपऱ्यात दोन ओळी, आणि वाचणाऱ्याच्या मनात लगेच येतं की आफ्रिकेत हे असंच चालायचं, त्या लोकांना लोकशाही जमत नाही. मला हे मत मुळातच चुकीचं वाटतं आणि त्याचा रागही येतो, कारण हा देश थोडा जरी समजून घेतला तरी दिसतं की लोकांना सगळं जमतं, जमू दिलं जात नाही. माझं म्हणणं सरळ आहे. तिथे सगळी सत्ता आणि सगळा पैसा बिसाऊ शहरातल्या एका खुर्चीत कोंबून ठेवलाय, खाली गावात तालुक्यात निवडून आलेलं एकही सरकार नाही, स्वातंत्र्याला ५० वर्षं उलटली तरी एकदाही स्थानिक निवडणूक झालेली नाही. जोपर्यंत हे बदलत नाही तोपर्यंत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक कितीही वेळा घ्या, पुढच्या उठावाची तारीख तेवढी बदलेल.

आता देश कसा आहे ते बघा. सेनेगलच्या खाली, गिनीच्या वर, अटलांटिकच्या काठावर. क्षेत्रफळ ३६,१२५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोकण विभागापेक्षा थोडासाच मोठा, आणि त्यातलेही जवळपास ८ हजार चौरस किलोमीटर पाणीच, नद्यांची मुखं, खाड्या आणि भरतीला बुडणारी दलदल. जेबा, कोरुबाल, काशेउ, मान्सोआ ह्या नद्यांमधून भरतीचं खारं पाणी खूप आतपर्यंत शिरतं, काठाला मैलोन्‌मैल खारफुटी. समोर समुद्रात बिजागोस बेटं, लहानमोठी ८८, त्यातल्या वीसेकच बेटांवर माणसं कायमची राहतात. ओरांगो बेटावर खाऱ्या पाण्यात वावरणारे पाणघोडे आहेत, पोइलाँव नावाच्या छोट्या बेटावर हिरवी समुद्री कासवं प्रचंड संख्येनं अंडी घालायला येतात. २०२५ मध्ये युनेस्कोनं ह्या बेटांना जागतिक वारसा यादीत घेतलं. पूर्वेकडे बोएच्या बाजूला जमीन थोडी उंच होते, बाकी सगळा देश सपाट, पाऊस जूनपासून ऑक्टोबरपर्यंत धो धो. कोकणातल्या माणसाला हे वर्णन परकं वाटू नये.

लोक २० लाखांच्या जरा वर. पण भाषा आणि समाज इतके की मोजताना दमछाक होईल. बालांता, फुला, मांडिंगा, मांजाकू, पापेल, बियाफाडा, बिजागो, फेलुपे. साधारण निम्मे मुसलमान, बाकी ख्रिश्चन आणि पूर्वजांचा धर्म पाळणारे, आणि ह्या तिन्ही गोष्टी एकाच घरात एकत्र नांदताना दिसतात. सरकारी भाषा पोर्तुगीज पण ती बोलणारे थोडे, बाजारात, बसमध्ये, प्रचारसभेत सगळीकडे क्रिओल, म्हणजे पोर्तुगीज आणि स्थानिक भाषा मिसळून झालेली बोली. धर्मावरून तिथे दंगली होत नाहीत, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला लागून असलेल्या साहेल पट्ट्यात जो अतिरेकी हिंसाचार चाललाय तसलं काही ह्या देशात मुरलेलं नाही, आणि १९९८-९९ चं यादवी युद्ध झालं तेही सैन्यातल्या दोन गटांचं, समाज एकमेकांवर तुटून पडले असं ते नव्हतं. हे मुद्दाम सांगतोय कारण आफ्रिकेतला प्रत्येक उठाव म्हणजे टोळ्यांची भांडणं असं धरून चालायची सवय आपल्याला लागलीये.

ह्यातल्या बालांता लोकांबद्दल जरा जास्त लिहायला हवं. किनाऱ्यालगत खारफुटी तोडून, चिखलाचे बांध घालून ते भातशेती करतात. त्या खाचरांना तिथे बोलान्या म्हणतात. लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं, ज्याच्या टोकाला लोखंडी धार असते, चिखल उचलून बांध रचायचा, भरतीचं पाणी बाहेर ठेवायचं, पहिल्या पावसानं जमिनीतलं मीठ धुऊन जाऊ द्यायचं, मग लावणी. बांधाखालून पोकळ लाकडाची नळी काढून पाणी आत-बाहेर सोडतात. रायगडमधल्या खारबंदिस्तीत उघाडी असते, गोव्याच्या खाजनात मानस असते, तेच काम. आणि जसं गोव्यात खाजनाचा बांध एकट्या शेतकऱ्याला सांभाळता येत नाही, गावकरीनं तो एकत्र राखला, तसंच बोलान्याचं. बांध फुटला की सगळ्या गावाचं भात गेलं. त्यामुळे कुणी किती दिवस राबायचं, पाणी कधी सोडायचं, हे ठरवायला गावात व्यवस्था लागते. गंमत म्हणजे बालांतांच्यात राजा नाही, वंशपरंपरेनं आलेला मुखिया नाही. वयोगटांप्रमाणे कामं आणि अधिकार, वडीलधारे एकत्र बसून ठरवतात. फुला आणि मांडिंगांच्यात मात्र उतरंड आहे, मुखिये आहेत. बिजागो बेटांवर बायकांचा अधिकार मोठा, पुजारणींचं म्हणणं ऐकलं जातं, ओरांगोची राणी ओकिंका पाम्पा आजही लोकांच्या आठवणीत आहे.

म्हणजे एकाच छोट्या देशात कारभार चालवायच्या तीन-चार वेगवेगळ्या पद्धती शेकडो वर्षं चालत आल्या. ह्यावर सरकार कसं बसवायचं हा खरा प्रश्न होता आणि पोर्तुगिजांनी तो सोडवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. ते काशेउला आणि बिसाऊला कित्येक वर्षं गुलामांचा आणि मालाचा व्यापार करत बसले होते पण आतल्या भागावर त्यांचा ताबा कधी आला, तर १९१३ ते १९१५ च्या मोहिमांनंतर, आणि बिजागोस बेटं तर १९३६ पर्यंत पूर्ण हाती आली नव्हती. १९६३ च्या जानेवारीत तिते इथल्या पोर्तुगीज छावणीवर हल्ला होऊन सशस्त्र लढा सुरू झाला. म्हणजे सबंध देशावर पोर्तुगीज अंमल कसाबसा २७ वर्षं. तेवढ्यात त्यांनी काय उभं केलं, तर बिसाऊ शहर, कर गोळा करायची यंत्रणा आणि जबरदस्तीनं भुईमूग लावायला लावणं. १९६१ पर्यंत कायद्यानंच लोकांचे दोन वर्ग होते, 'सुधारलेले' आणि 'रानटी', आणि पहिल्या वर्गात स्थानिक लोकांपैकी अर्धा टक्काही नव्हते. शाळा नावापुरत्या, प्रशासनात स्थानिक माणूस जवळजवळ नाही. असा देश मागे ठेवून गेले आणि वर लोकांना जमत नाही म्हणायचं.

लोकांना जमतं ह्याचा पुरावा लढ्याच्या काळातच आहे. अमिल्कार काब्राल, जन्म १९२४, बाफाता गावात, आईवडील केप व्हर्देचे, म्हणजे अटलांटिकमधल्या दुसऱ्या एका पोर्तुगीज वसाहतीतल्या बेटांवरचे. लिस्बनमध्ये शेतीशास्त्र शिकून आला आणि १९५३ ला वसाहती सरकारच्या नोकरीत असताना गावोगाव हिंडून शेतीची गणना केली, त्यामुळे कुठल्या समाजाची जमीन कशी, ते काय पिकवतात, कुणाचं ऐकतात, हे त्याला जितकं माहीत होतं तितकं कुठल्याच पुढाऱ्याला नव्हतं. १९५६ ला गिनी (म्हणजे तेव्हाची पोर्तुगीज गिनी, आजची गिनी-बिसाऊ) आणि केप व्हर्दे दोन्हींच्या स्वातंत्र्यासाठी पीएआयजीसी हा पक्ष काढला. ३ ऑगस्ट १९५९ ला बिसाऊच्या पिजिगिती धक्क्यावर पगारवाढीसाठी संप करणाऱ्या गोदी कामगारांवर गोळीबार झाला, डझनावारी माणसं मेली, त्यानंतर शहर सोडून खेड्यांकडे वळायचं ठरलं.

इथे गोव्याचा संबंध येतो. १९६१ च्या एप्रिलमध्ये कासाब्लांकाला पोर्तुगीज वसाहतींमधल्या स्वातंत्र्य संघटनांची परिषद भरली, त्यात अंगोला, मोझांबिक, गिनीसोबत गोव्यातल्या संघटनाही होत्या, आणि आकिनो द ब्रागांसा हा गोमंतकीय विचारवंत त्या कामात पुढे होता. त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या साम्राज्यातला पहिला मोठा तुकडा गेला, पण त्यानं शहाणपण घेतलं नाही, आफ्रिकेत युद्ध त्याच्या राजवटीनं आणखी १३ वर्षं ओढलं. गोव्याच्या लोकांनी आणि आपण सगळ्यांनीच हे लक्षात ठेवायला हवं की आपली मुक्ती आणि त्यांची मुक्ती एकाच लढ्याचा भाग होती. आपल्या पाठ्यपुस्तकात ह्याबद्दल ओळही नाही.

तर, मुक्त केलेल्या भागात पक्षानं काय केलं? प्रत्येक गावात, म्हणजे तिथल्या भाषेत तबांकात, ५ जणांची समिती, गावानंच निवडलेली, आणि त्यात किमान २ बायका हव्यातच हा नियम. १९६० च्या दशकात, खेड्यात, युद्ध चालू असताना. भात किती पिकवायचं, सैनिकांना किती द्यायचं, शाळा कुठे, भांडण कसं मिटवायचं, हे ती समिती बघायची. वस्तू मिळायला लोकांची दुकानं काढली, रानात शाळा आणि दवाखाने चालवले. १९७२ ला ह्या मुक्त भागात मतदान घेऊन परिषदा निवडल्या, त्यातून राष्ट्रीय सभा झाली, आणि २४ सप्टेंबर १९७३ ला मादिना दो बोएला तिनं स्वातंत्र्य जाहीर केलं. काब्राल तेव्हा हयात नव्हता, २० जानेवारी १९७३ ला शेजारच्या गिनीची राजधानी कोनाक्रीमध्ये पक्षातल्याच बंडखोरांनी त्याला मारलं होतं. नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ९३ विरुद्ध ७ मतांनी ह्या नव्या देशाच्या बाजूनं ठराव केला, तेव्हा बिसाऊ शहर अजून पोर्तुगिजांच्याच हातात होतं. विचार करा, राजधानीशिवाय, फक्त गावांच्या जोरावर देश उभा राहिला होता आणि जगानं तो मानलाही होता. शिवाय ह्याच युद्धात थकलेल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी पुढे २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमधली हुकूमशाही उलथवली.

आणि मग चूक झाली. माझ्या मते ह्या देशाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी चूक हीच, नंतरचे सगळे उठाव तिच्या पोटातून निघाले. १९७४ ला पक्ष बिसाऊत शिरला, पोर्तुगीज गव्हर्नरच्या इमारतीत जाऊन बसला आणि तिथूनच देश चालवायला लागला. काब्रालनं तर आधीच बोलून दाखवलं होतं की राजधानी हवीच कशाला, मंत्रालयं देशभर विखरून का ठेवू नयेत. ते बाजूला पडलं. गावसमित्या पक्षाच्या शाखा झाल्या, मग नुसत्या नावाला उरल्या. लोकांची दुकानं सरकारी मक्तेदारी झाली. परदेशी कर्ज काढून बिसाऊजवळ कुमेरेला भात सडायचा आणि तेल काढायचा अवाढव्य कारखाना घातला, देशात पिकत होतं त्यापेक्षा कितीतरी मोठा, तो कधी धड चाललाच नाही. शेतकऱ्याच्या हाती काही पडेना, तांदळाचा तुटवडा झाला, आणि १४ नोव्हेंबर १९८० ला पंतप्रधान आणि लढ्यातला नावाजलेला कमांडर जुआओ बेर्नार्दो व्हिएरा, ज्याला सगळे निनो म्हणत, त्यानं काब्रालच्या सावत्र भावाचं, लुईस काब्रालचं सरकार पाडलं.

पुढची यादी मी भराभर सांगतो कारण त्यात एकच गोष्ट परत परत घडते. १९८६ ला उठावाच्या आरोपावरून उपराष्ट्राध्यक्ष पाउलो कोरेया आणि इतरांना गोळ्या घातल्या, ते बालांता होते, त्याची जखम सैन्यात राहिली. १९९४ ला पहिली बहुपक्षीय निवडणूक. १९९८ ला लष्करप्रमुख आन्सुमाने माने विरुद्ध व्हिएरा, ११ महिने यादवी, बिसाऊ उद्ध्वस्त. २००० ला कुम्बा याला निवडून आले, २००३ ला लष्करानं काढले. २००५ ला व्हिएरा परत निवडून आला, मार्च २००९ मध्ये एका रात्रीत आधी लष्करप्रमुख बॉम्बस्फोटात मेला आणि काही तासांत सैनिकांनी राष्ट्राध्यक्षाला घरात मारलं. २०१२ ला राष्ट्राध्यक्ष निवडणुकीच्या दोन फेऱ्यांच्या मधेच उठाव. २०१४ ला निवडून आलेले जुझे मारियु वाझ हे मुदत पूर्ण करणारे पहिले राष्ट्राध्यक्ष, पण त्यांनी २०१५ ला स्वतःच्याच पक्षाचे पंतप्रधान दोमिंगुश सिमोइश परेरा यांना काढलं आणि मग एकामागून एक पंतप्रधान बदलत राहिले. एम्बालोंनी २०२२ ला संसद बरखास्त केली, जून २०२३ च्या निवडणुकीत विरोधी आघाडी जिंकली, तर डिसेंबरमध्ये परत बरखास्त केली, खरं तर निवडणुकीनंतर १२ महिने संसद बरखास्त करता येत नाही असं राज्यघटनेतच लिहिलंय. २०२५ च्या निवडणुकीत सिमोइश परेरांना उभंच राहू दिलं नाही, स्वातंत्र्य मिळवून देणारा पक्ष मतपत्रिकेवर नव्हता.

ह्यात माणसं बदलतात, समाज बदलतात, पक्ष बदलतात, भांडण मात्र त्याच खुर्चीचं. कारण तिच्याबाहेर दुसरं काहीच नाही. देशात ८ प्रांत आणि बिसाऊचा वेगळा विभाग, पण प्रांतांचे गव्हर्नर बिसाऊहून नेमले जातात. बाफाताच्या, गाबूच्या, काशुंगूच्या माणसाला आपल्या गावचा रस्ता, विहीर, शाळा ह्यासाठी मत देऊन कुणाला निवडायचं आणि काम नाही केलं तर पुढच्या वेळी काढायचं अशी सोयच नाही. राष्ट्राध्यक्ष हरला की त्याचे गव्हर्नर गेले, बंदर गेलं, कस्टम गेलं, नोकऱ्या गेल्या, काहीच उरत नाही, म्हणून हरायची भीती इतकी. सगळ्या घराला एकच दार ठेवलं की जो दारात उभा राहील तो मालक, इतकं साधं हे गणित आहे.

पैशाचंही तसंच. देशाच्या निर्यातीच्या उत्पन्नातला ९० टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या कच्च्या काजू बीचा. वर्षाला साधारण २ लाख टन, आणि ती बहुतेक सगळी बिसाऊच्या बंदरातून भारतात आणि व्हिएतनामला जाते. मार्च-एप्रिलमध्ये मोसम सुरू होतो, बायका आणि मुलं बोंडू गोळा करून बी पिळून काढतात, रसाची दारू गावोगाव आंबते जशी गोव्यात उर्राक निघते, सरकार किमान भाव जाहीर करतं आणि व्यापारी तो देतीलच असं नाही. वाईट वर्षात शेतकरी किलोभर तांदळासाठी दोन-दोन किलो काजू देऊन मोकळा होतो कारण घरात खायला हवं असतं. बोलान्याचं भात कष्टाचं, काजूला तेवढी मजुरी लागत नाही, त्यामुळे पोरं शहरात गेली, बांध फुटले ते फुटलेच, आणि भात पिकवणारा देश आता आयात तांदळावर जगतो. मग २०२२ ला भारतानं तुकडा तांदळाची निर्यात बंद केली तेव्हा पश्चिम आफ्रिकेतल्या तांदूळ खाणाऱ्या देशांना झळ बसली, ती आपल्याला कळलीही नाही. २०११ ला काजूवर प्रक्रिया उद्योग उभारायचे म्हणून निर्यातीवर वेगळा कर लावून निधी काढला, शेतकऱ्याला भाव तेवढा कमी मिळाला, कारखाने काही दिसले नाहीत, पैसा राजधानीत जिरला.

कुणी म्हणेल की खरं कारण कोकेन आहे. २००५ च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतलं कोकेन ह्या बेटांमार्गे युरोपला जायला लागलं, माजी नौदलप्रमुख बुबो ना चुतोला २०१३ मध्ये अमेरिकेच्या अंमली पदार्थ विभागानं समुद्रात सापळा लावून पकडलं आणि त्यानं गुन्हा कबूल केला, सप्टेंबर २०२४ मध्ये व्हेनेझुएलाहून आलेलं विमान बिसाऊला उतरलं त्यात २.६ टन कोकेन सापडलं. हे सगळं खरं. पण कोकेनवाले तिथेच का आले? कारण ८८ बेटांवर सरकार नावाचं काही नव्हतं आणि राजधानीत चार-पाच माणसं विकत घेतली की काम होत होतं. बेटांवर निवडून आलेली, पैसा असलेली, स्वतःची बोट असलेली पंचायत असती तर बेटावर माल उतरला हे आधी तिला कळलं असतं.

दुसरा आक्षेप लष्कराचा, आणि तो मी जास्त गंभीरपणे घेतो. सैन्य छोटं, हजारांत मोजण्याइतकं, पण शिपायांपेक्षा अधिकारी जास्त अशी उलटी रचना, लढ्यातल्या म्हाताऱ्या सैनिकांना धड पेन्शन नाही, त्यामुळे बरॅक सोडायची कुणाची तयारी नाही. युरोपीय संघानं २००८ ला सुधारणेसाठी पथक पाठवलं, २०१० ला ते गुंडाळलं. केप व्हर्देशी तुलना केली की हाच मुद्दा पुढे येतो. तोच पक्ष, तोच काब्राल, एकत्र मिळवलेलं स्वातंत्र्य, आणि तिथे १९९१ ला सत्ताधारी पक्ष हरला, शांतपणे पायउतार झाला, आजवर एकही उठाव नाही. लोक म्हणतात केप व्हर्देच्या बेटांवर युद्धच झालं नाही त्यामुळे बंदूकधारी सैन्य मागे उरलं नाही. हे बरोबर आहे, मी नाकारत नाही. पण त्याच १९९१ च्या डिसेंबरमध्ये केप व्हर्देनं पहिल्या नगरपालिका निवडणुका घेतल्या हे कुणी सांगत नाही. संसद हरलेला पक्ष एखाद्या बेटाची नगरपालिका चालवत राहतो, त्याचे कार्यकर्ते काम करत राहतात, पुढच्या वेळी परत येऊ असं त्यांना वाटतं. हरणाऱ्याला जिवंत राहायला जागा मिळाली. गिनी-बिसाऊत ती जागाच नाही, त्यामुळे हरलेला माणूस बरॅककडे बघतो आणि बरॅकवाला त्याची वाट बघत बसलेला असतो.

स्थानिक सरकारं कागदावर आहेत बरं का. १९९० च्या दशकात राज्यघटनेत तशी तरतूद झाली, कायदेही झाले, दर सरकारनं पुढच्या वर्षी घेऊ म्हटलं. कुणालाच ही निवडणूक घ्यायची नाही कारण सत्तेवरच्याला सत्ता वाटून द्यायची नसते आणि विरोधकाला वाटतं की उद्या खुर्ची आपलीच आहे. बाहेरच्या मदत करणाऱ्यांचीही चूक आहे, पश्चिम आफ्रिकेतल्या देशांची संघटना इकोवास असो, संयुक्त राष्ट्रं असो, दर उठावानंतर त्यांची एकच मागणी, राष्ट्राध्यक्षाची निवडणूक लवकर घ्या. घेतली जाते, फोटो निघतात, निरीक्षक परत जातात. मतदारांनी मात्र कधी कसूर केलेली नाही, २०१४ मध्ये जवळपास ८९ टक्के मतदान झालं, उठावानंतरच्या त्या पहिल्या निवडणुकीत. इतकं मतदान आपल्याकडे लोकसभेला कधी होत नाही.

एक भीती खरी आहे. गावपातळीवर मत दिलं की फुला भागात पारंपरिक मुखियेच निवडून येतील, बायका आणि तरुण मागेच राहतील, आणि प्रत्येक प्रांत एकेका समाजाचा बालेकिल्ला होईल. होईल थोडंफार. पण त्यावर उत्तर त्यांच्याच इतिहासात आहे, ५ पैकी २ बायका हा नियम ५० वर्षांपूर्वी चालला होता, तो कायद्यात घाला. बालांतांना त्यांच्या वयोगटांच्या सभेतून, मांजाकूंना त्यांच्या मुखियांना सोबत घेऊन, बिजागोंना बेटवार, असं थोडं वेगवेगळं चालू द्यावं, सगळीकडे पोर्तुगालच्या नगरपालिकेचा साचा बसवायचा हट्ट नको. आणि काजूच्या निर्यात करातला ठरावीक वाटा, तो ज्या भागातून माल आला त्या भागाच्या निवडून आलेल्या समितीला थेट मिळावा असं घटनेत लिहायला हवं. पैसा नसेल तर ही निवडणूकही नाटकच ठरेल, ह्यात मला शंका नाही. आणि ती एकाच दिवशी सगळीकडे घ्यायचीही गरज नाही, आधी दोन-तीन प्रांतांत घ्या, मोजणी तिथेच, निकाल तिथेच लावा.

आता आपला भाग. कोल्हापूरच्या चंदगड-आजऱ्यात, सिंधुदुर्गात, गोव्यात, मंगळूर-कोल्लममध्ये जे काजू कारखाने चालतात त्यांना वर्षभर पुरेल इतकी बी इथे पिकत नाही, ती पश्चिम आफ्रिकेतून येते, गिनी-बिसाऊची बीसुद्धा. आपला शेतकरी म्हणतो आयातीमुळे माझा भाव पडतो, आयात शुल्क वाढवा, आणि त्याची तक्रार रास्त आहे. पण भाव पडतो त्याचं एक कारण हेही आहे की तिकडचा शेतकरी पूर्ण हतबल आहे, तो दोन किलो काजू किलोभर तांदळाला देतो. त्याच्या भागाला स्वतःची सत्ता असेल, गोदाम असेल, तिथेच बी फोडून गर काढायचे छोटे कारखाने असतील तर तो इतक्या स्वस्तात विकणार नाही, आणि मग वेंगुर्ल्याच्या बागायतदाराची स्पर्धा निदान माणसासारख्या भावाशी होईल. ह्यात इथल्या कारखानदारांना कच्चा माल महाग पडेल आणि कदाचित काही कामंही तिकडे जातील, हे मला मान्य आहे, आणि तरीही मी ह्याच बाजूचा आहे. बिसाऊत माल उचलणाऱ्या भारतीय खरेदीदारांनी निदान एवढं तरी करावं, सरकारनं जाहीर केलेला किमान भाव शेतकऱ्याच्या हातात पडला की नाही ते गावपातळीवर तपासावं आणि कुठल्या भागातून किती माल, काय भावानं घेतला ते उघड करावं, म्हणजे उद्या त्या भागांना आपला वाटा मागायचा झाला तर हिशोब हाताशी असेल.